तीन मंगळवार

मागच्या महिन्यात एका मुलींच्या कॉलेजानं मला व्याख्यानाला बोलावलं होतं. विषय होता 'मातृत्व आणि संशोधन'. निवृत्त प्राध्यापिका, पदरी एक मुलगा, हाताखाली पीएच.डी. झालेले पाच विद्यार्थी, म्हणजे असल्या विषयाला मी अगदी साजेशी. बोललेही बरी. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "मॅडम, आपकी प्रेरणा कौन थीं?" मी बेधडक इंगळे मॅडमचं नाव घेतलं. लुनावर पुढे उभी केलेली लेक, मागे बाटल्यांची पेटी, साडीखाली कॅनव्हासचे बूट, असं चित्रच उभं केलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

घरी येताना रिक्षात मला त्या टाळ्या चावत होत्या. मॅडमबद्दल जे सांगायला हवं होतं ते मी याही वेळी गिळलं. आता त्या नाहीत, त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. निदान कागदावर तरी सांगून टाकावं म्हणून बसले आहे.

मी आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले तेव्हा इंदूरच्या गिरण्या शेवटचे आचके देत होत्या. एखादी बंद पडायची, पुन्हा चार महिने चालायची, पुन्हा फाटकावर कामगार उभे. दुसरीकडे नवी दुकानं, रंगीत टीव्ही, विजय नगरला प्लॉट घ्यायची घाई. आमच्या मल्हारगंजातल्या घरात तेव्हा रोज हीच चर्चा, कुणाची नोकरी गेली आणि कुणी प्लॉट घेतला.

इंगळे मॅडम लेक्चरर होत्या. वय पस्तिशीच्या आसपास. आजोबा महूला फौजेत होते, त्यांच्याकडून शिस्त आली असं त्या सांगायच्या, पण ती सांगायची गरज नव्हती. सकाळी सव्वासातला लुनाचा आवाज यायचा आणि आमचा प्यून स्टूल सोडून उभा राहायचा. साडी इस्त्रीची, पदर पिन केलेला, आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. पहिल्या दिवशी मी त्या बुटांकडे बघून हसले, तशा म्हणाल्या, "हस, हस. नाल्यात सँडल घसरली की मग रडशील."

कारण मॅडमची पीएच.डी. नाल्यात होती. नाला आम्ही म्हणायचो, त्या मात्र शेवटपर्यंत नदी म्हणाल्या. एका कापड गिरणीचं रंगाचं पाणी नदीत मिसळायचं, त्यानं पाण्यातला प्राणवायू किती घटतो, हे त्या मोजत होत्या. दर मंगळवारी सकाळी दोन बाटल्या. एक पुलाखालची, गिरणीच्या अलीकडची, तिथे पाणी बऱ्यापैकी जिवंत असायचं. दुसरी गिरणीमागची, जिथे पाइप नदीत सुटायचा. बाटली भरल्यावर जागेवरच त्यात दोन औषधं घालायची, बूच घट्ट लावायचं आणि लॅबमध्ये आणून तपासायची. औषधं पडली की पाण्याचा मूळ रंग कळत नसे. कळायचा तो फक्त आकडा. पुलाखालचा आकडा वर, गिरणीमागचा जवळपास शून्य. दीड वर्ष, दर मंगळवारी, दिवाळी असो नाहीतर रंगपंचमी.

त्यांचे यजमान त्याच गिरणीत रंगखात्यात होते. आम्ही सगळे त्यांना इंगळेजी म्हणायचो. बायको आपल्याच गिरणीची घाण मोजते याचं त्या माणसाला भारी कौतुक. मंगळवारी कामावर जाताना बजावून जायचे, "आज निळा सुटणार आहे बरं का, बराबर सहाला. उशीर नको करू."

आणि प्राची. मी रुजू झाले तेव्हा ती चार वर्षांची होती. घरी सांभाळायला कुणी नाही, म्हणून ती मॅडमबरोबर नदीवर जायची आणि तिथून लॅबमध्ये यायची. आमच्या विभागात एक बारकी खोली होती, नाजूक तराजू ठेवायची. वारा लागू नये म्हणून तिथे पंखा नाही, खिडकी बंद. त्या तराजूच्या टेबलाखाली सतरंजी घालून प्राची दुपारी झोपायची. मुलं वजन करायला आली की मॅडम ओठांवर बोट ठेवून म्हणायच्या, "धीरे. दोन नाजूक वस्तू आहेत इथे."

मॅडमनी आईपणाचीही प्रयोगवही करून टाकली होती. प्राचीच्या डब्यावर पेन्सिलीनं तारीख आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी असायची. पेन्सिलच का, तर शाई पाण्यात पसरते. मुलीला ताप आला की आलेखकागदावर त्याची रेघ. एकदा त्या डॉक्टरांकडे ती रेघ घेऊन गेल्या, तर डॉक्टर म्हणाले, "बहनजी, ये बुखार है कि शेअर बाजार?" ही गोष्ट त्या स्वतःच रंगवून सांगायच्या आणि मोठ्यानं हसायच्या. बाटलीतला निळा रंग थेंबाथेंबानं उडवत न्यायची तपासणी चालली की प्राची शेजारी स्टुलावर उभी. रंग गेला की ओरडायची, "गेला निळा!" पुष्कळदा तिचं ओरडणं आमच्या डोळ्यांच्या आधी यायचं.

मला त्यांनी पहिल्या महिन्यातच आपलंसं केलं. माझ्या पुढच्या अभ्यासाचा विषय त्यांनीच सुचवला, संदर्भ त्यांनीच शोधून दिले. जुनी इंदूर या वस्तीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत मी किती वेळा जेवले असेन! त्यांना मात्र मी आमच्या घरी कधी बोलावलं नाही. आमचं घराणं होळकर दरबारातल्या कारकुनांचं. 'इंगळे' म्हटलं की आई जात ताडत क्षणभर थांबून "अच्छा" म्हणायची, आणि त्या "अच्छा"पुढे काही बोलायची माझी छाती नव्हती. ही लाज वेगळी आहे, पण आहे म्हणून लिहिते.

तर ते तीन मंगळवार.

प्राचीला टायफॉइड झाला. पाच वर्षांची पोर, ताप उतरेना. मॅडमनी रजा टाकली. इंगळेजींना रजा मिळण्यासारखी नव्हती, गिरणीत ज्याला त्याला काढायला निमित्तच हवं होतं. सोमवारी मॅडमचा निरोप आला म्हणून मी गेले, तर प्राचीच्या कपाळावर पट्टी बदलत त्या म्हणाल्या, "अगं, उद्याच्या बाटल्या तू आणशील का? बस दोन जागा. दुपारी हिच्याजवळ शेजारीण बसेल, मी दोन तास येते, तपासणी मीच करेन. फक्त पाणी आण."

मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही टेन्शन नका घेऊ हो."

मंगळवारी मी पुलाखाली गेले. ती जागा आमच्या घरापासून जवळच होती. पहिली बाटली नीट भरली, औषधं घातली. मग गिरणीमागे जायला निघाले. भिंतीच्या कडेनं उतरायची वाट, खाली काळा गाळ, आणि असा वास की मी नाकाला रुमाल लावला. फाटकावर बसलेली रिकामी माणसं बघत होती. मी अर्ध्या वाटेवरून मागे फिरले, पुलाखाली आले आणि दुसरी बाटलीही तिथेच भरली. पुढच्या मंगळवारी गिरणीपर्यंत गेलेसुद्धा नाही. तिसऱ्या मंगळवारी तर मला त्याचं काही वाटलंही नाही.

मला घाण वाटली. याहून मोठं कारण नाही. माझ्या घरी कुणी आजारी नव्हतं, कुणी अडवलं नव्हतं. एक स्त्री आपल्या तापलेल्या मुलीजवळ बसून माझ्यावर विसंबली होती आणि मला पाय खराब करायचे नव्हते.

मॅडम दुपारी यायच्या, डोळ्यांखाली काळं, केस कसेतरी बांधलेले. दोन्ही बाटल्या तपासायच्या, आकडे लिहायच्या आणि पळत घरी. बाटल्या मी लगेच धुऊन पालथ्या घालायची. प्राची बरी झाली, मॅडम पुन्हा स्वतः नदीवर जाऊ लागल्या आणि मी ते सगळं विसरूनही गेले.

दोन महिन्यांनी त्यांनी मला तराजूच्या खोलीत बोलावलं. टेबलावर लांबलचक आलेख पसरला होता. दीड वर्षभर दोन रेघा, एक वर, एक खाली. आणि एका जागी, तीन मंगळवार, दोन्ही रेघा एकमेकींवर बसलेल्या.

"इंगळेजींना विचारलं," त्या म्हणाल्या, "त्या तिन्ही दिवशी रंगखातं चालू होतं. दोन्ही बाटल्या दोन जागच्याच होत्या ना गं?"

"हो, मॅडम."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं असं मला वाटलं. मग "हं" म्हणाल्या आणि आलेखाची गुंडाळी करायला लागल्या. त्या दिवशी मला पक्की खात्री झाली की यांना कळलंय.

त्यांच्या गाइडनी सरळ उपाय सांगितला होता. "मैडम, तीन ही तो हैं. हटा दो. किसको पता चलेगा?" मॅडमनी मला हे सांगितलं आणि पुढे म्हणाल्या, "हे तीन वेडेवाकडे होते म्हणून डोळ्यांत आले गं. जे डोळ्यांत आले नाहीत, ते कसे ओळखू?" मला तेव्हा या वाक्याचा अर्थ लागला नाही. लावायचा नव्हता, हे जास्त खरं.

प्रबंध द्यायच्या आधीचं सादरीकरण विद्यापीठात होतं. मी शेवटच्या रांगेत बसले होते. मॅडम उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपले दीड वर्षाचे आकडे मागे घेतले. म्हणाल्या, "सर, टेस्टिंग में मुझसे गड़बड़ हुई है. उन दिनों मेरी बच्ची बीमार थी. मैं बाक़ी रीडिंग का भी भरोसा नहीं दे सकती. मुझे दोबारा करना पड़ेगा."

खोलीत कुणीतरी खाकरलं. समितीचे अध्यक्ष फार मायाळूपणे हसले. "देखिए मैडम, बच्चे छोटे हों तो ये सब नहीं हो पाता. पहले बेटी को बड़ा कर लीजिए. रिसर्च कहीं भागी थोड़े ही जा रही है." बाकीच्यांनी माना डोलावल्या. एका बाईनं चूक कबूल केली की बाकीच्यांना किती पटकन पटते, ते मी त्या दिवशी पाहिलं. माझ्या जिभेवर वाक्य आलं होतं: सर, त्या नाही, मी. एवढेच शब्द. मी वहीच्या समासात चौकोन काढत बसले.

बाहेर आल्यावर मॅडमनी मला विचारलं, "घरी कशी जाशील? चल, सोडते." आणि लुनावर मागे बसवून मल्हारगंजाच्या नाक्यापर्यंत सोडलं. मी त्यांच्या पाठीला म्हटलं, "मॅडम, तुम्ही पुन्हा कराल ना?" त्या म्हणाल्या, "करायचं तर आहेच. उन्हाळा जाऊ दे."

उन्हाळा गेला आणि गिरणी बंद झाली. या वेळी कायमची. पाइप कोरडा पडला. मोजायला आता काही उरलं नव्हतं, त्या पाण्याच्या जागी आता दुसरंच पाणी वाहत होतं. इंगळेजी घरी बसले. काही दिवस त्यांनी सायकलवर कपड्याचे तागे विकले, मग तेही जमेना. घर मॅडमच्या पगारावर आलं आणि शिकवण्या सुरू झाल्या. पीएच.डी.ची नोंदणी आपोआप संपली. लेक्चररच्या वरची, रीडरची जागा निघाली तेव्हा पीएच.डी. नसल्यामुळे त्यांना अर्जच करता आला नाही.

पुढे मी पीएच.डी. केली आणि ती जागा मला मिळाली. विषय त्यांनी दिलेला, टिपणं त्यांनी तपासलेली. मला मुलगा झाला तेव्हा घरात सासूबाई, दोन बायका कामाला, आणि रजेचा अर्ज मंजूर. पुढे मी विभागप्रमुख झाले आणि इंगळे मॅडम माझ्या हाताखाली लेक्चरर. त्यांच्या रजेच्या अर्जावर माझी सही लागायची. वर न बघता मी ती करायची. माझ्या मनानं एक सोयीची गोष्ट तयार केली होती: मॅडमना सगळं माहीत आहे, त्यांनी मला वाचवायला दोष स्वतःवर घेतला, आणि मला माफ केलं. त्या माझ्याशी इतक्या चांगल्या वागायच्या की ही गोष्ट खरीच वाटायची. मोठ्या मनाची माणसं अशीच असतात, असं मी एक-दोघांना सांगितलंही होतं, अर्थात कारण न सांगता. पंचवीस वर्षं मी त्यांच्या माफीवर जगले, आणि ती माफी त्यांनी कधी दिलेलीच नव्हती.

हे मला कळलं ते विजय नगरला. मॅडम निवृत्त झाल्या होत्या, इंगळेजी वारले होते, आणि त्या प्राचीच्या फ्लॅटवर राहायला गेल्या होत्या. प्राचीला मुलगी झाली म्हणून मी झबलं-टोपडं घेऊन गेले. प्राचीही संशोधनातच होती, वनस्पतींवर काहीतरी, तीन वर्षं काम झालेलं. बाळ पाळण्यात होतं. टेबलावर एक पत्र पडलं होतं, सहीसकट, फक्त पाकिटात घालायचं बाकी.

"मावशी, मी रिसर्च सोडतेय," प्राची म्हणाली. "आई पण म्हणते सोड. माझा नवरा उलट मागे लागलाय, मत छोड, मत छोड. पण त्याला काय पता?"

मी चकित होऊन मॅडमकडे पाहिलं. ज्या बाईनं तराजूखाली लेक झोपवून काम केलं ती हे सांगते?

मॅडम कपड्यांच्या घड्या घालत होत्या. शांतपणे म्हणाल्या, "खरं तेच सांगितलं तिला. बाळ लहान असताना डोळे उघडे असतात, पण दिसत नाही. हिच्या टायफॉइडमध्ये मी तीन आठवडे एकच बाटली दोनदा तपासली. दोनदा! आणि मला कळलं नाही. तू विचार कर, किती वेळा असं झालं असेल जे मला आजही पता नाही. मग हातावरचा भरवसाच गेला गं. पुन्हा नवा विषय घ्यायची हिंमत झाली नाही. हिनं त्या वाटेनं जाऊ नये."

"माझ्यामुळेच झालं ते," प्राची बाळाकडे बघत म्हणाली. "मी लहानपणापासून जानते."

माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी खाली ठेवला. या दोघी मायलेकी इतकी वर्षं एका गुन्ह्याची वाटणी करून घेत होत्या आणि गुन्हेगार समोर बसून बिस्किट खात होता. तेव्हाही, खरं सांगते, एक क्षण गप्प राहायचा विचार मनात येऊन गेला. मग ते पत्र दिसलं.

"मॅडम," मी म्हणाले, "तुम्ही बरोबर तपासल्या होत्या. मी गिरणीमागे गेलेच नव्हते. दोन्ही बाटल्या मी पुलाखालीच भरल्या."

घडी घालताना मॅडमचे हात थांबले.

"तिन्ही मंगळवार?"

"तिन्ही."

"मी विचारलं होतं तुला."

"हो. मी खोटं बोलले. मला वाटलं, तुम्हाला कळलंय."

"मला कसं कळणार?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. एखाद्या विद्यार्थ्यानं वेड्यासारखा प्रश्न विचारावा तसं आश्चर्य होतं. "तू हो म्हणालीस ना. मग तुझं का नाही मानणार मी?"

मग त्या स्वतःच्या तळव्यांकडे पाहत राहिल्या. मी माफी मागत होते, काहीबाही बोलत होते, ते त्यांना ऐकू येत होतं असं वाटत नाही. शेवटी त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे बाकीचं सगळं बरोबर होतं."

"आई, त्या वह्या?" प्राचीनं विचारलं.

"रद्दीत घातल्या. तुझ्या लग्नाच्या आधी, घर आवरताना."

त्या उठल्या, टेबलावरचं पत्र उचललं आणि प्राचीच्या हातात दिलं. "हे माझ्या सांगण्यावरून लिहिलंस. मी चुकीचं सांगितलं होतं. आता तुझं तू ठरव."

मी जायला उठले. प्राची दारापर्यंत आली. चेहरा दगडासारखा, "या" म्हणाली नाही, आणि का म्हणावं? चपला घालताना मी आत पाहिलं. मॅडम पुन्हा खुर्चीत बसल्या होत्या. अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता, ओठ हलत होते. दीड वर्षातले मंगळवार मोजत असाव्यात. एकदा शेवटच्या पेरापर्यंत गेल्या, थांबल्या, त्यातून तीन वजा केले असतील, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागल्या. प्राचीनं दार लावून घेतलं.